‘ऑपरेशन चांगलं झालं, पण उजवी बाजू थकली आहे’ म्हणजे नेमकं काय?

हृदयाच्या झडपेचं किंवा बायपासचं ऑपरेशन संपतं. सर्जन बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात, “ऑपरेशन व्यवस्थित झालं. फक्त उजवी बाजू थोडी थकलेली आहे, एक-दोन दिवस नजर ठेवावी लागेल.” बाहेर थांबलेल्यांच्या हातातल्या फाइलमध्ये मात्र इकोचा रिपोर्ट असतो आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: ईएफ ६० टक्के. हा आकडा चांगला आहे, असं त्यांना आधी दोन-तीन डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. मग ही उजवी बाजू मधेच कुठून आली? आणि ती थकली हे कळलं कसं?

हा प्रश्न पडणं अगदी स्वाभाविक आहे, कारण ईएफ, म्हणजे दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकलं जातं तो आकडा, फक्त हृदयाच्या डाव्या बाजूचा असतो. उजव्या बाजूबद्दल रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा एकच ओळ सापडते. ज्यावर डोळे झाकून विसंबावं असा एकच आकडा उजव्या हृदयासाठी अजून कोणाकडेच नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. त्यामुळे हृदयाच्या ऑपरेशनमध्ये उजव्या बाजूवर नजर ठेवायची म्हणजे चार-पाच अपुऱ्या खुणा एकत्र ठेवायच्या, त्या पुन्हा पुन्हा तपासायच्या आणि त्यांचा कल कुठे चालला आहे ते वेळेत ओळखायचं. हे काम भूलतज्ज्ञ, सर्जन आणि आयसीयूतल्या नर्स मिळून करतात. बाहेरच्यांना त्यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ते समजावून सांगावंसं वाटतं.

## एकामागे एक चालणारे दोन पंप

हृदय एकच दिसत असलं तरी त्यात पंप दोन आहेत. शरीरभर फिरून आलेलं रक्त उजव्या बाजूला येतं. उजवा खालचा कप्पा, म्हणजे उजवी जवनिका, ते फुप्फुसांकडे ढकलतो. फुप्फुसांत प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूला येतं आणि डावी जवनिका ते पुन्हा शरीरभर पाठवते. दोन्हीकडून मिनिटाला सारखंच रक्त जातं, विश्रांतीच्या वेळी साधारण पाच लिटर. फरक आहे तो दाबाचा. डाव्या जवनिकेला सरासरी ९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपासच्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं, उजवीला जेमतेम १५. म्हणून डावीची भिंत सुमारे १० मिलिमीटर जाड असते आणि उजवीची ३ ते ५ मिलिमीटर.

शेतातल्या मोटरींचं उदाहरण घेऊ. विहिरीतून शेजारच्या हौदात पाणी टाकायला कमी हेडची मोटर पुरते आणि हौदातून टेकडीवरच्या बागेपर्यंत पाणी चढवायला जास्त हेडची मोटर लागते. कमी हेडची मोटर पाणी भरपूर फेकते, पण पाइप थोडा जरी वर उचलला तरी तिची धार लगेच बारीक होते. उजवी जवनिका तशी आहे. भरपूर रक्त आलं तर ती ते सहज पुढे ढकलते, पण फुप्फुसांतला दाब अचानक वाढला की तिचा जोर ओसरतो. आणि विहिरीवरची मोटर कमी पडली, तर टेकडीची मोटर कितीही नवी असली तरी ती हौदात असेल तेवढंच पाणी चढवणार.

‘ईएफ ६०, तरी बीपी पडतंय’ या कोड्याचं उत्तर इथेच आहे. आत आलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर टाकलं, एवढंच ईएफ सांगतं. मुळात किती आलं, ते सांगत नाही. डाव्या जवनिकेत १२० मिलिलिटर रक्त आलं आणि तिने ६० टक्के बाहेर टाकलं, तर प्रत्येक ठोक्याला ७२ मिलिलिटर रक्त जातं. नाडी ८० असेल तर मिनिटाला पावणेसहा लिटर. उजव्या बाजूने माल कमी पाठवला आणि डावीकडे ७० मिलिलिटरच पोचलं, तर ६० टक्क्यांनी होतात ४२ मिलिलिटर, मिनिटाला सव्वातीन लिटरच्या थोडं वर. रिपोर्टवर आकडा तोच. शरीराला मिळणारं रक्त मात्र चाळीस टक्क्यांनी कमी.

आणखी एक गोष्ट आहे. दोन्ही जवनिकांमध्ये स्नायूचा एकच पडदा असतो आणि दोघींवर मिळून एकच आवरण. उजवी फुगली तर ती तो पडदा डावीकडे सरकवते. डावीची गोलाई जाते, ती चपटी होते आणि तिच्यात रक्त मावेनासं होतं. उजवीच्या आजारात डावी अशी दोन बाजूंनी अडचणीत येते: येणारं रक्तही कमी आणि जागाही कमी.

## मग एवढी वर्षं तिकडे लक्ष का गेलं नाही?

अमेरिकेत आयझॅक स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उजव्या जवनिकेची बाहेरची भिंत भाजून निकामी केली, तरी मागच्या शिरांमधला दाब फारसा वाढला नाही. निष्कर्ष निघाला की रक्ताभिसरणासाठी उजवी जवनिका तितकीशी महत्त्वाची नसावी. पुढे फ्रान्समध्ये बोर्दो इथे फ्रान्सिस फोन्तान यांनी १९६८ मध्ये जन्मजात दोष असलेल्या रुग्णांत उजवी जवनिका वगळून रक्त थेट फुप्फुसांकडे नेण्याचं ऑपरेशन केलं, १९७१ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि अशी माणसं जगतात हे जगाने पाहिलं. त्यामुळे उजवी बाजू म्हणजे रक्त जाण्याचा नुसता रस्ता, हा समज आणखी पक्का झाला.

दोन्ही निरीक्षणं खरी होती, पण त्यांच्या मागची अट नजरेआड झाली. त्या कुत्र्यांची फुप्फुसं निरोगी होती, त्यांतला दाब कमी होता, हृदयावरचं आवरण उघडलेलं होतं आणि मधला पडदा डाव्या बाजूच्या जोरावर आकुंचन पावत होता. फोन्तान ऑपरेशनही फुप्फुसांतला दाब कमी असेल तरच चालतं. मोठं ऑपरेशन होऊन पंपावरून उतरणाऱ्या माणसाच्या बाबतीत यातलं बरंचसं उलटं असतं. आवरण उघडलेलं असलं तरी फुप्फुसांतला दाब वाढलेला असू शकतो आणि स्नायू दमलेला. उजवी जवनिका किती महत्त्वाची आहे, हे नेमकं तेव्हाच दिसतं.

## ऑपरेशनचा फटका उजवीलाच का?

बहुतेक मोठ्या हृदयशस्त्रक्रियांत हृदय काही काळ थांबवतात आणि रक्त फिरवण्याचं काम हार्ट-लंग मशिनवर सोपवतात. सगळे त्याला नुसतं ‘पंप’ म्हणतात. थांबलेल्या हृदयाला इजा होऊ नये म्हणून पोटॅशियम असलेलं, बहुधा थंड द्रावण हृदयाच्याच रक्तवाहिन्यांतून दिलं जातं. ते कधी धमन्यांमधून देतात, कधी हृदयाच्या मोठ्या शिरेतून उलट्या दिशेने. उलट्या वाटेने दिलेलं द्रावण डाव्या बाजूला छान पोचतं, पण उजव्या जवनिकेच्या बऱ्याच शिरा त्या मोठ्या शिरेला मिळतच नाहीत, म्हणून तिथे ते अपुरं पडतं. शिवाय छाती उघडल्यावर उजवी जवनिका सगळ्यात वर, थेट दिव्यांखाली असते, त्यामुळे ती लवकर गरम होते.

झडपेसाठी हृदयाचे कप्पे उघडले की आत हवा शिरते. ती काळजीपूर्वक काढतात, तरी एखादा बुडबुडा राहू शकतो. रुग्ण उताणा असतो आणि उजव्या हृदयधमनीचं तोंड महाधमनीच्या वरच्या अंगाला येतं, त्यामुळे बुडबुडा नेमका तिथेच शिरतो. पंपावरून उतरता उतरता ईसीजी बदलतो, उजवी जवनिका अचानक सुस्तावते आणि काही मिनिटांत पुन्हा उभारी धरते. त्यामागे अनेकदा हा बुडबुडाच असतो.

पंपावर असताना फुप्फुसं मिटलेली असतात. ती पुन्हा फुगवली जातात, तेव्हा काही भाग मिटलेलाच राहिला, प्राणवायू कमी पडला, कार्बन डायॉक्साइड साठला किंवा रक्ताची आम्लता वाढली, तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. पंपासाठी दिलेल्या, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा परिणाम उतरवायला प्रोटामिन देतात, त्यानेही क्वचित फुप्फुसांतला दाब एकाएकी चढतो. यातली एकेक गोष्ट छोटी असते. पण त्या सगळ्या त्याच अर्ध्या-पाऊण तासात एकत्र येतात, आणि पाइपचं तोंड वर उचललं जातं ते नेमकं मोटर दमलेली असताना.

काही रुग्ण मुळातच काठावर असतात. आपल्याकडे अजूनही दिसणारं उदाहरण म्हणजे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली मायट्रल झडप, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप. घसादुखीतून सुरू झालेला तो ताप विसरला जातो आणि झडप वर्षानुवर्षं आकसत जाते. निरोगी मायट्रल झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. ते दीडवर आलं की आजार गंभीर धरतात. पुढचा रस्ता अडल्यामुळे फुप्फुसांत रक्त तुंबतं, तिथला दाब वाढतो आणि उजवी जवनिका तो वर्षानुवर्षं पेलत राहते. तिशी-पस्तिशीतली एखादी बाई ऑपरेशनला येते, तेव्हा तिची डावी जवनिका उत्तम असते आणि उजवी थकलेली. झडप बदलल्यावर अडथळा त्याच दिवशी जातो, पण फुप्फुसांतल्या घट्ट झालेल्या रक्तवाहिन्या सैल व्हायला महिने लागतात. चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब झालेल्या बायकांचंही तेच. या धुराचा आणि उजव्या हृदयाच्या आजाराचा संबंध दिल्लीत डॉ. एस. पद्मावती यांनी १९५०च्या दशकातच दाखवला होता. हृदयरोपणात दात्याचं हृदय निरोगी असलं तरी त्याच्या उजव्या जवनिकेला वाढलेल्या दाबाची सवय नसते. आणि डाव्या बाजूला मदत करणारं यंत्र, एलव्हॅड, बसवलं की ते जोराने रक्त पुढे पाठवतं आणि ते सगळं रक्त परत येतं उजवीच्या दारात.

## पहिलं साधन: डोळे

यंत्रांकडे वळण्याआधी हे सांगायलाच हवं. उजवी जवनिका छातीत पुढच्या बाजूला असते, म्हणून उघडलेल्या छातीत समोर दिसतं ते बहुतांशी उजवं हृदय. ती फुगली आहे का, आकुंचन आळसावलं आहे का, कर्णिका, म्हणजे वरचा कप्पा, ताणली आहे का, हे सर्जनला दिसतं. भूलतज्ज्ञही डोक्याकडच्या पडद्यावरून वाकून बघतात. मॉनिटरवरचे आकडे बरे असताना ‘उजवी फुगतेय’ असं सर्जन म्हणाले, तर तिथे कोणी वाद घालत नाही. छाती बंद केली की ही खिडकीही बंद होते. म्हणून तारा ओढून छाती मिटवल्यावर पुढची काही मिनिटं सगळे आकडे पुन्हा पाहतात, कारण छाती मिटल्यावर हृदयाला जागा कमी होते आणि काठावरची उजवी तेव्हा कोलमडू शकते.

## सीव्हीपी वाढला, याचा अर्थ काय?

मानेतल्या शिरेत जी सेंट्रल लाइन घालतात, तिच्यातून उजव्या कर्णिकेजवळचा दाब मोजता येतो. तोच सीव्हीपी. साधारण २ ते ८ हा नेहमीचा पल्ला. तो वाढला म्हणजे उजवीच्या मागे रक्त साचतंय, असं वाटणं साहजिक आहे. पण सलाइन जास्त झालं, व्हेंटिलेटरचा दाब वाढवला, हृदयाभोवती रक्त साठलं, तरी तो वाढतोच. एकटा सीव्हीपी पाहून सलाइन द्यायचं की नाही हे ठरवता येत नाही, हे आता बऱ्यापैकी सर्वमान्य आहे.

तरीही मला हा आकडा मोलाचा वाटतो, तो दुसऱ्या कारणासाठी. मूत्रपिंडातून रक्त वाहतं ते पुढचा दाब आणि मागचा दाब यांच्यातल्या फरकावर. सरासरी बीपी ६५ आणि सीव्हीपी ५ असेल तर हा फरक ६०. बीपी तेच ठेवून सीव्हीपी २० झाला, तर उरले ४५. मॉनिटरवर बीपी ‘ठीक’ दिसत असतं आणि लघवी कमी होत जाते. अशा वेळी ‘बीपी कमी, लघवी कमी, म्हणजे सलाइन द्या’ ही नेहमीची सवय घातक ठरू शकते. आधीच फुगलेल्या उजवीत आणखी पाणी गेलं तर ती मधला पडदा अजून सरकवते आणि डावीतून जाणारं रक्त आणखी घटतं. म्हणून सीव्हीपीत ‘किती’पेक्षा ‘बदलला कधी, आणि कशाबरोबर’ हे बघायचं.

## इको घशातून का करतात?

छातीवरून इको नेहमी होतो, पण ऑपरेशन चालू असताना ते शक्य नसतं, आणि नंतर पट्ट्या, ड्रेनच्या नळ्या आणि हवा यांमुळे चित्र धूसर येतं. म्हणून भूल दिल्यावर अन्ननलिकेत एक लवचीक प्रोब सरकवतात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते. याला टीईई म्हणतात. रुग्ण भुलीत असल्याने त्याला त्याची जाणीव नसते. ज्यांची अन्ननलिका अरुंद आहे किंवा यकृताच्या आजाराने तिथल्या शिरा फुगल्या आहेत, त्यांच्यात मात्र ते टाळतात किंवा फार विचार करून वापरतात.

टीईईने झडपा आणि डावी जवनिका सुंदर दिसतात. उजवी जवनिका मात्र प्रोबपासून सगळ्यात लांब, पलीकडच्या अंगाला असते. तिचा आकारही सरळ नाही: ती डावीभोवती चंद्रकोरीसारखी गुंडाळलेली असते. डावीचं आकारमान सूत्राने काढता येतं, हिचं नाही. म्हणून एक पळवाट वापरतात. उजवी जवनिका मुख्यतः लांबीने आखडते, म्हणून तिच्या झडपेची कड प्रत्येक ठोक्याला टोकाकडे किती सरकते ते मोजतात. या मापाला टीएपीएसई म्हणतात. १७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर काम कमी पडतंय असं धरतात. जवनिकेचं क्षेत्रफळ आकुंचनात किती टक्के घटतं, हेही पाहतात. ३५ टक्क्यांखाली आलं तर ते कमी धरतात.

पण हृदयावरचं आवरण उघडलं की उजवीची लांबीतली हालचाल कमी होते, आणि तिचं एकूण काम शाबूत असलं तरी टीएपीएसई खाली येतो. म्हणजे ऑपरेशनआधीचा २० आणि नंतरचा १२ पाहून उजवी निकामी झाली असं म्हणता येत नाही. म्हणूनच जाणकार एका मापावर थांबत नाहीत. उजवी डावीच्या तुलनेत केवढी दिसते, मधला पडदा कुठे झुकतोय, उजवीच्या झडपेतून गळती वाढली का, हे एकत्र बघतात. त्रिमितीय इकोने आकारमान बरंच चांगलं मोजता येतं. एमआरआय सगळ्यात अचूक, पण छाती उघडी असलेल्या रुग्णाला एमआरआयमध्ये नेणं शक्यच नाही.

शिवाय इको म्हणजे त्या मिनिटाचं चित्र. रात्री तीन वाजता काय चाललंय ते सांगायला आयसीयूत सतत मोजणारं काहीतरी लागतं.

## ‘स्वान’: फुप्फुसांपर्यंत जाणारी नळी

१९२९ मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि एक्स-रे काढून घेतला. १९५६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक वाटून मिळालं. पण ही नळी फुप्फुस धमनीत नेणं कठीण होतं, त्याला एक्स-रे यंत्र लागायचं. लॉस एंजेलिसमधले जेरेमी स्वान यांनी सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्या पाहिल्या आणि रक्ताच्या प्रवाहानेच नळी वाहून न्यावी ही कल्पना त्यांना सुचली, असं त्यांनीच सांगितलं आहे. विल्यम गान्झ आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी टोकाला फुगा असलेली नळी बनवली. १९७० मध्ये ती प्रसिद्ध झाली. आयसीयूत आजही तिला ‘स्वान’च म्हणतात.

मानेतल्या शिरेतून आत गेलेल्या या नळीचा छोटा फुगा दीड मिलिलिटर हवेने फुगवतात आणि रक्तच तिला उजव्या कर्णिकेतून जवनिकेत, तिथून फुप्फुस धमनीत नेतं. मग फुप्फुसांतला दाब सतत दिसतो, हृदय मिनिटाला किती रक्त टाकतंय ते मोजता येतं आणि शरीरभर फिरून परत आलेल्या रक्तात किती प्राणवायू उरला आहे तेही कळतं. हे प्रमाण साधारण ६५ ते ७५ टक्के असावं. ते घसरलं तर शरीराला रक्त कमी पडतंय आणि ते मिळेल तितका प्राणवायू ओरबाडून घेतंय, असा अर्थ निघतो.

या सगळ्यात एक सापळा आहे. फुप्फुस धमनीतला दाब ६० वरून ३५ वर आला तर बरं वाटेल, पण तो दोन कारणांनी उतरू शकतो. फुप्फुसांतल्या वाहिन्या सैल झाल्या, तर आनंदच. पण उजवीत ढकलायचा जोरच उरला नसेल, तरीही तो उतरतो. ओळखायचं कसं? सीव्हीपी बघून. दाब उतरतोय आणि सीव्हीपीही उतरतोय, तर चांगलं. दाब उतरतोय आणि सीव्हीपी चढतोय, तर उजवी हरत चालली आहे.

याच विचारातून पीएपीआय नावाचं एक माप आलं. फुप्फुस धमनीतल्या वरच्या आणि खालच्या दाबातला फरक घ्यायचा आणि त्याला सीव्हीपीने भागायचं. दाब ३० वर १२ आणि सीव्हीपी ६, तर १८ भागिले ६, म्हणजे ३. दाब ४० वर १८ आणि सीव्हीपी १८, तर २२ भागिले १८, म्हणजे १.२. दुसऱ्या रुग्णात दाब जास्त दिसतो, पण त्याची उजवी जास्त अडचणीत आहे. एलव्हॅडच्या रुग्णांवरच्या अभ्यासांत १.८५ च्या खालचा आकडा धोक्याचा ठरला आहे, हृदयविकाराच्या विशिष्ट झटक्यांत त्याहून खालची रेषा वापरतात. सगळ्यांना लागू पडेल अशी एकच रेषा नाही.

## मग ही नळी सगळ्यांना का घालत नाहीत?

हा आक्षेप रास्त आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या निरीक्षणात स्वान घातलेले गंभीर रुग्ण जास्त दगावले असं दिसलं आणि खळबळ उडाली. नंतर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून अभ्यास झाले. २००३ मध्ये मोठी ऑपरेशनं झालेल्या १,९९४ वयस्क रुग्णांत आणि २००५ मध्ये ब्रिटनच्या आयसीयूंमधल्या हजारावर रुग्णांत नळी घातल्याने मृत्यू वाढलेही नाहीत आणि घटलेही नाहीत. नळी घालताना ठोके बिघडू शकतात, जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि अगदी क्वचित फुप्फुस धमनी फाटते, जे जिवावर बेतू शकतं.

माझ्या मते या अभ्यासांचा अर्थ सरळ आहे. मोजल्याने कोणी वाचत नाही. मोजून जे कळलं त्यावर योग्य पाऊल उचललं, तर वाचण्याची शक्यता निर्माण होते. सरसकट सगळ्यांना नळी घातली की ज्यांना तिची गरज नव्हती त्यांना फक्त धोका मिळतो. साध्या बायपासच्या, चांगल्या फुप्फुसांच्या रुग्णाला ती बहुधा लागत नाही. फुप्फुसांतला दाब आधीच वाढलेला, एलव्हॅड, हृदयरोपण, पंपावरून उतरताना झालेली ओढाताण, अशा वेळी बरेच तज्ज्ञ ती वापरतात. काही ठिकाणी तिच्याशिवायही, टीईई आणि सीव्हीपीवर, उत्तम काम चालतं.

## यकृत आणि मूत्रपिंडाच्या शिरांतून मिळणारा सुगावा

अलीकडे एक वेगळी दिशा पुढे आली आहे, आणि ती मला फार आश्वासक वाटते. उजवी कमी पडली की रक्त मागे तुंबतं. मग ते कुठे तुंबतंय हेच का पाहू नये? कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत पोटातली मोठी शीर आणि यकृत, आतडी, मूत्रपिंड यांच्या शिरांमधला प्रवाह सोनोग्राफीने तपासून तुंबण्याच्या पायऱ्या ठरवल्या. आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत रक्त एरवी जवळजवळ संथ, अखंड वाहतं. तुंबलं की त्यात हृदयाचे ठोके उमटू लागतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वरच्या पायरीवरच्या रुग्णांत मूत्रपिंडाला इजा होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. शरीरात काहीही घालावं लागत नाही, खाटेशेजारच्या सोनोग्राफी यंत्रावर हे होतं आणि सलाइन थांबवून लघवीचं औषध द्यायची वेळ आली का, या रोजच्या प्रश्नाला त्याची मदत होते. शिकायला सराव लागतो, एवढीच अट.

## कळल्यावर करतात काय?

आधी फुप्फुसं सुधारतात: मिटलेला भाग उघडायचा, प्राणवायू पुरेसा द्यायचा, कार्बन डायॉक्साइड आणि आम्लता आटोक्यात आणायची, व्हेंटिलेटरचा दाब गरजेपुरताच ठेवायचा. यातच अनेकांची उजवी सावरते. बीपी टिकवायला नॉरअॅड्रिनलिन किंवा व्हॅसोप्रेसिन देतात, कारण उजवीच्या स्नायूलाही महाधमनीतल्या दाबावरच रक्त मिळतं. स्नायूला जोर यावा म्हणून मिलरिनोन किंवा डोब्युटामिन वापरतात. नायट्रिक ऑक्साइड वायू श्वासातून देता येतो. तो ज्या भागात हवा पोचते तिथल्याच वाहिन्या सैल करतो आणि रक्तात शिरताच निकामी होतो, म्हणून बाकीच्या शरीराचं बीपी पाडत नाही. पाणी जास्त झालं असेल तर ते लघवीवाटे काढतात. कधी पुन्हा थोडा वेळ पंपावर नेऊन हृदयाला विश्रांती देतात, कधी छाती एक-दोन दिवस उघडीच, झाकून ठेवतात. ‘छाती अजून बंद केलेली नाही’ हे ऐकून घरच्यांचा धीर सुटतो, पण बऱ्याचदा ती फुगलेल्या उजवीला जागा मिळावी म्हणून मुद्दाम केलेली गोष्ट असते. यानेही भागलं नाही तर एक्मो, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करणारं यंत्र, किंवा उजवीसाठीचं तात्पुरतं पंप-यंत्र.

## घरच्यांनी काय विचारावं, आणि घरी गेल्यावर काय पाहावं?

ऑपरेशनआधी तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. फुप्फुसांतला दाब किती आहे? उजव्या जवनिकेचं काम इकोमध्ये कसं दिसलं? ऑपरेशनमध्ये टीईई वापरणार का, आणि नळी घालायचा विचार आहे का? डॉक्टर नळी नको म्हणाले तर ते काटकसर करताहेत असं समजू नका. गरज नसणं हेच बहुधा कारण असतं. फुप्फुसांचा जुना आजार, झोपेतलं मोठं घोरणं आणि श्वास अडकणं, धूम्रपान, लहानपणीचा संधिवाताचा ताप, हे मात्र विचारलं नसलं तरी भूलतज्ज्ञांना आपणहून सांगा.

डिस्चार्जनंतरच्या इकोत टीएपीएसई १२-१३ लिहिलेला दिसू शकतो. चालताना दम लागत नसेल, पाय सुजत नसतील आणि फुप्फुसांतला दाब उतरलेला असेल, तर तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. आवरण उघडल्यामुळे हा आकडा कित्येक महिने कमी राहतो. त्याऐवजी रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, पोट गच्च वाटू लागलं, भूक गेली, पावलांवर सूज आली किंवा मानेतली शीर बसल्यावरही टपोरी दिसू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता हॉस्पिटलला फोन करा.